अण्णांचा चेहरा, मामांचं नाक

१४ नोव्हेंबर २०२३, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, छातीच्या स्कॅनच्या खोलीबाहेर तिघे बसले होते : थोरले भाऊ, धाकटा भाऊ आणि धाकट्याची लेक. तपासणी एकाचीच व्हायची होती, थोरल्यांची.

थोरल्यांनी आयुष्यात सिगारेटला हात लावला नव्हता. तरी डॉक्टरांच्या मागे लागून चार वर्षे ते नेमाने हा स्कॅन करून घेत. कारण एकच. त्यांचे वडील, अण्णा, फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेले होते आणि थोरल्यांचा चेहरा थेट अण्णांचा होता. धाकटा मामांच्या वळणावर गेला होता. तेच नाक, तेच टक्कल. मामा नव्वदीपर्यंत धूर काढत ठणठणीत राहिले. तेव्हा धोका थोरल्यांना आणि मोकळीक धाकट्याला, अशी वाटणी घरात कधीचीच होऊन गेली होती. धाकट्याने त्या मोकळिकीचा पस्तीस वर्षे सिगारेटी ओढत मनमुराद उपभोग घेतला.

"दादा, तुझा नंबर यायला वेळ आहे. मी जरा खाली जाऊन येतो," धाकटा उठला.

"आत्ताच तर वर आलास."

"म्हणूनच," असे म्हणून तो पसार झाला.

लेक त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली. ती एका संशोधन संस्थेत माणसांच्या जनुकांची आकडेमोड करत असे. बाबांना एकदा तरी या स्कॅनच्या टेबलावर झोपवावे म्हणून तिने विनवण्या केल्या, अबोला धरला, रडूनही पाहिले होते. पालथ्या घड्यावर पाणी.

"काका, तुम्ही सांगितलंत तरच ते ऐकतील."

"अगं, पण तो मामांवर गेलाय."

"नाक गेलंय मामांवर! नाकाचा आणि फुफ्फुसाचा काय संबंध?"

थोरले चमकले. "मग कशाचा संबंध असतो?"

"आम्ही लाखो माणसांची माहिती पडताळतो. कर्करोगाचा धोका वाढवणारी काही जनुकं आणि सिगारेटची तलफ वाढवणारी काही जनुकं एकच निघतात. मुळातच कमजोर असलेल्या फुफ्फुसांशीही थोडं नातं दिसतं. हा नुसता कल असतो, भविष्य नव्हे. आणि जनुकं काहीही असोत, सगळ्यात मोठा वाटा धुराचाच. बरं, मला सांगा, अण्णा आजोबा पहिली सिगारेट कधी ओढायचे?"

"डोळे उघडायच्या आत. अंथरुणातच."

"आणि मामा?"

"मामांचा काय, हौसेचा मामला. चार-चार दिवस आठवणही यायची नाही."

"आणि आमचे बाबा?"

धाकट्याच्या उशाखालची काडेपेटी थोरल्यांना चांगलीच ठाऊक होती.

तांत्रिक विद्यालयातून बाहेर पडल्यापासून निवृत्तीपर्यंत ते पंपाच्या कारखान्यात तपासनीस होते. सिलिंडरचे बाहेरचे पॉलिश कितीही झगझगीत असो, आतला व्यास मापाने तपासल्याशिवाय त्यांनी एक नग पुढे सोडला नव्हता. त्याच कारखान्यात नग बनवणाऱ्या सख्ख्या भावाला मात्र त्यांनी नाक बघून पास केले होते.

जिन्यात पावले वाजली. थोड्या वेळाने थांबली. बऱ्याच वेळाने पुन्हा वाजली आणि धाकटा उगवला, कपाळावर घाम घेऊन.

"मध्येच काय थांबलास?"

"भिंतीवरचं चित्र बघत होतो."

"आग लागली तर कुठून पळायचं, त्याचा नकाशा आहे तो."

लेकीने तोंड फिरवून हसू दाबले. थोरले उठले आणि डॉक्टरांच्या खोलीत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात नवी चिठ्ठी होती.

"आज माझ्या जागी तू जायचंस. डॉक्टर म्हणाले, पस्तीस वर्षं ओढणाऱ्याला बाहेर बसवून तुम्ही आत कशाला येता?"

"मला काय धाड भरलीय? मामा नव्वद—"

"तलफ अण्णांची आहे तुझी. धापही अण्णांचीच."

"म्हणजे तू मला रिजेक्ट करतोस?"

"तुझे नग मी कितीदा परत पाठवलेत?"

"महिन्यातून दोनदा! सगळ्या कारखान्यासमोर!" धाकटा उसळला. "वरून कीर्तन, आतून तमाशा, असं म्हणायचास."

"मोजून परत पाठवायचो. न मोजता कधी शेरा मारला?"

धाकट्याने लेकीकडे पाहिले. ती नखे कुरतडत होती, लहानपणी परीक्षेच्या निकालाला कुरतडायची तशी. मग थोरल्यांकडे पाहिले आणि आवाज खाली आणला.

"दादा, काही निघालं तर रे?"

"तर आपण दोघं आहोत. न बघता राहिलं, तर मी एकटा राहीन."

आतून पुकारा झाला. धाकट्याने खिशातले सिगारेटचे पाकीट आणि काडेपेटी लेकीच्या ओंजळीत ठेवली, सदऱ्याचे वरचे बटण सोडले आणि, "चहा सांगून ठेवा, बिनसाखरेचा नको," असे बजावून तो आत गेला. दार लागले तसे थोरल्यांनी पुतणीचा हात हातात घेतला.

उजव्या फुफ्फुसात एक गाठ निघाली, अकरा मिलिमीटरची, कर्करोगाच्या पहिल्या टप्प्यातली. जानेवारीत शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर येताच धाकट्याने पहिली शिवी थोरल्यांना हासडली आणि थोरल्यांनी ती आनंदाने घेतली.

वर्षानंतरच्या तपासणीत आढळलेल्या गाठी : शून्य.