दिव्याची मुलं, तेलाची मुलं

इंग्लंडात मँचेस्टरजवळच्या आमच्या हॅरोक्लफ गावावर गिरण्यांचा धूर असा बसलेला असे की हिवाळाभर मुलांच्या अंगाला ऊन लागत नसे. मुडदूस घरोघरी. माझ्या बालवर्गात धनुष्यासारख्या वाकलेल्या पायांची पोरं दरवर्षी येत. म्हणून १९२८ साली नगरपालिकेच्या दवाखान्यात कृत्रिम उन्हाचा दिवा आला. मुलांना चड्डीवर, डोळ्यांना काळा चष्मा लावून त्याच्याभोवती गोल बसवत.

दिवा आला आणि आरोग्य समितीत भांडण पेटलं. शाळेतर्फे मीही त्या समितीवर होते. दवाखान्याच्या डॉक्टरबाई एनिड हार्ग्रीव्ह्ज म्हणत, या धुराच्या गावात दिव्यावाचून इलाज नाही. नगरसेवक टॅटरसॉल पेशाने खाटीक; ते म्हणत, चमचाभर माशाचं तेल तेच काम करतं, दिवा ही नुसती फॅशन. अखेर ठरलं की एक हिवाळा पाहायचं. काही मुलांना फक्त दिवा, काहींना फक्त तेल. जे जिंकेल ते ठेवायचं, दुसरं बंद.

हेस्टर क्रॉम्प्टन विणकरीण होती. तिची पाच वर्षांची डोरिस माझ्याच वर्गात, दोन्ही गुडघे बाहेर वळलेले. मँचेस्टरच्या शल्यवैद्याने सांगून ठेवलं होतं, उन्हाळ्यापर्यंत पाय सुधारले नाहीत तर हाडं मोडून नव्याने बसवावी लागतील. डोरिसच्या पोटात तेल ठरत नसे, म्हणून तिला दिव्याच्या मुलांत घातलं.

मार्चमध्ये दवाखान्यातच समितीची बैठक भरली. दिव्याची मुलं थोडी पुढे होती, आणि सगळ्यांत पुढे डोरिस. डॉक्टरबाईंचा चेहरा उजळला. एका आईचं म्हणणं ऐकायचं आणि मग मत घ्यायचं, असं ठरलं, आणि हेस्टरला बोलवायला मी बाहेर गेले.

ओसरीत मिसेस पिलिंग समितीला दाखवायला आणलेल्या मुलांना घेऊन बसल्या होत्या. हेस्टरच्या गल्लीतल्या आया गिरणीत मागावर गेल्या की पोरं त्यांच्याकडे असत, दिव्याची आणि तेलाचीही. चारची वेळ, त्या काकवीच्या डब्यात बाटलीतून काहीतरी ओतून ढवळत होत्या आणि प्रत्येकाच्या पावाला फासत होत्या. वास मला दारातच आला. बाकावर थांबलेल्या हेस्टरलाही आला.

"पिलिंगकाकू, हे माशाचं तेल?"

"मग काय. दवाखान्याने दोघाचौघांना दिलंय. त्यांनी खायचं आणि बाकीच्यांनी तोंडं बघायची? माझ्याकडे असलं चालत नाही. एकाला ते सगळ्यांना."

"डोरिसला तेल सोसत नाही."

"काकवीत सोसतं. बोटं चाटते भवानी."

मिसेस पिलिंगना मनाई कुणी केलीच नव्हती. डॉक्टरबाईंनी आयांना सांगितलं होतं. मुलं दिवसभर असतात तिथे सांगायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

हेस्टरने माझी बाही धरली. दिवा जिंकला तर दवाखान्याचं तेल बंद होणार, काकवीतलंही. तिने खरं सांगितलं तर टॅटरसॉल दिवाच काढून टाकणार. आणि पाय सुधारताहेत ते यातल्या कशाने, हे कुणाला ठाऊक?

"मास्तरीणबाई, तुम्ही शिकलेल्या. कशाने?"

मुलांना मी रोज सांगत असे की माहीत नसेल तर तसं म्हणावं. "मला माहीत नाही, हेस्टर," मी म्हणाले. आतून समितीच्या अध्यक्षांनी हाक मारली. हेस्टर आत गेली आणि काकवीची सगळी गोष्ट सांगून मोकळी झाली.

डॉक्टरबाई पांढऱ्या पडल्या. टॅटरसॉल खुर्चीत मागे रेलून हसले. "घ्या. हिवाळाभर खाल्लं तेल आणि टाळ्या दिव्याला. उद्याच काढा तो."

"तेल तरी पुरतं कुठे मिळालं तुमच्या मुलांना?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "चौघांची बाटली सगळ्या गल्लीत वाटली गेली."

दोघंही तावातावाने बोलू लागली. हेस्टर उभीच होती. आवाज न चढवता ती म्हणाली, "तुमचं भांडण दिवा की तेल. माझ्या पोरीला दोन्ही मिळालं आणि तीच पुढे आहे. एक काढून घेतलं आणि नेमकं तेच लागत असलं, तर हाडं तुमची मोडणार नाहीत."

दिवा ठेवायचा की तेल, यावर मतं समसमान पडली आणि अध्यक्षांनी निवाडा दिला. आणखी एक हिवाळा दोन्ही चालू ठेवायचं, पण या खेपेला मुलं काटेकोर वेगळी. डॉक्टरबाई हेस्टरजवळ आल्या. डोरिसला पुढच्या वेळी फक्त दिव्यावर ठेवू द्या, म्हणाल्या. या मुलीवरून खरं काय ते कळेल, आणि गावोगावच्या मुलांना त्याचा उपयोग होईल. त्या तळमळीने बोलत होत्या, आणि खोटंही बोलत नव्हत्या.

"नाही, बाई," हेस्टर म्हणाली. "दुसरी कुणी बघा."

"मग तिचे पाय आमच्या मोजणीत धरता येणार नाहीत."

"नका धरू."

डॉक्टरबाईंनी डोरिसला मोजणीतून वगळलं, पण दिव्यापुढची जागा मात्र काढून घेतली नाही. काकवीतलं तेलही तिला चालू राहिलं. उन्हाळ्यात मँचेस्टरच्या शल्यवैद्याने गुडघे चाचपून पाहिले आणि हत्यार लावायचं नाही, असं सांगितलं. वर्गात मुलं विचारत, बाई, डोरिस कशाने बरी झाली? मी म्हणे, ते अजून कुणाला कळलेलं नाही. मोठे होऊन तुम्ही शोधा.