किंचाळीखालची दोन मिनिटं

नागरिकहो, तुमच्या गावात असा एखादा माणूस आहे का, ज्याला पोरं नुसती उभी राहिलेली दिसली तरी पोटात दुखतं? नक्की असणार! आमच्या कुमडुलसमध्ये त्याचं नाव आहे एमलिन हाउएल. चौकात हार्डवेअरचं दुकान, अंगावर बारा महिने तोच तपकिरी डगला, आणि दुकानासमोरच्या युद्धस्मारकाच्या समितीचं अध्यक्षपद.

आता चौकातली अडचण ऐका. शाळा सुटते साडेतीनला आणि वरच्या वस्तीची बस येते साडेपाचला. मधली बस कधीच बंद झाली, युवक केंद्राला कुलूप लागलं. मग पोरांनी जायचं कुठे? ती स्मारकाच्या पायऱ्यांवर बसायची. चौघांत मिळून एक चिप्सचा पुडा, त्यावर भरपूर व्हिनेगर, आणि दंगा. हो, दंगा करायची, मी खोटं सांगणार नाही. कागदही तिथेच टाकायची.

मे महिन्यात एका रात्री हाउएलच्या दुकानाची काच फुटली. कोणी फोडली? देव जाणे! पण हाउएलने देवाला विचारलंच नाही. "पोरांनीच! दुसरं कोण?" एक सापडत नाही ना, मग सगळ्यांना धडा शिकवतो, असं त्याने ठरवलं. सप्टेंबरात त्याने दुकानाच्या पाटीवर, अगदी स्मारकाच्या डोक्यावर, एक करडी पेटी ठोकली.

त्या पेटीतून दिवसरात्र आवाज यायचा. आवाज कसला, डासाच्या अंगात भूत शिरावं आणि त्या भुताने थेट तुमच्या दाढेत घर करावं, तसं! पोरांनी तिचं नाव ठेवलं किंचाळी. आणि गंमत अशी, की ती ऐकू यायची फक्त कोवळ्या कानांना. पंचविशी ओलांडली की कान निबर होतात, मग काही नाही! आईवडील म्हणायचे, "कुठे काय? नाटकं नकोत." हाउएल दारात उभा राहून गोड हसायचा. "कान दुखतो का गं? अरेरे! मग घरी जा की."

घर पाच मैल वर डोंगरात. चालत जायचं म्हणे!

या पोरांत एक होती नेरिस प्रॉसर. पंधरा वर्षांची, बुटकी, आणि गावच्या बँडमधली सगळ्यात लहान कॉर्नेटवाली, म्हणजे छोटी तुतारी वाजवणारी. नोव्हेंबरात, लढाईत पडलेल्यांच्या स्मरणाच्या रविवारी, अकराच्या ठोक्याला स्मारकापाशी निरोपाची धून वाजते. मग दोन मिनिटं शांतता. मग जागं करणारी धून. साठ वर्षं हा मान बाप्यांनीच घेतला होता. यंदा बँडमास्तर गेथिनने नेरिसचं नाव घेतलं. पहिली मुलगी! तिने तो निरोप घरात इतक्यांदा वाजवला, की शेजारचं कुत्रंसुद्धा चाल चुकेना.

पण चौकातल्या पहिल्या सरावाला काय झालं? वाजवणाऱ्याची जागा नेमकी किंचाळीखाली. नेरिसने उंच सूर धरला, वरून त्या पेटीने तिच्या कानात सुई घातली, आणि सूर असा फाटला, की कोंबडीच्या शेपटीवर पाय पडला म्हणा! दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच.

"पोरीला झेपत नाही," हाउएल म्हणाला. "समितीच्या वतीने सांगतो, यंदा रेकॉर्ड लावू. यंत्र घाबरत नाही."

"मी घाबरले नाही!" नेरिस म्हणाली. "तुमची पेटी बंद करा, मग बघा."

"कुठली पेटी?" त्याने कानाला हात लावला. "मला तर काहीच ऐकू येत नाही. गेथिन, तुला येतं का रे?"

गेथिनला कसं येणार? तो सेहेचाळीस वर्षांचा. पण पोरगी खोटं बोलणारी नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्याने मान खाजवली. "शनिवारच्या सरावापर्यंत तिला वेळ दे, एमलिन. तेव्हाही चुकली तर लाव तुझी रेकॉर्ड."

नेरिस घरी जाऊन रडली असेल, असं वाटतंय ना? छे! ती पेटली.

सोमवारपासून रोज शाळा सुटली की ती थेट किंचाळीखाली जाऊन उभी राहायची आणि कॉर्नेट तोंडाला लावायची. शंभर वेळा चुकायची, शंभर वेळा पुन्हा. मंगळवारी तिच्याबरोबर दोन ट्रॉम्बोन आले. बुधवारी ट्यूबा आला, तोही वाजवता न येणारा!

हाउएल बाहेर धावला. "अरे, गिऱ्हाईक पळतंय माझं! कान फुटायची वेळ आली!"

"कान दुखतात का?" नेरिसने विचारलं. "अरेरे. मग घरी जा की."

काय सांगू तुम्हाला, त्या एका वाक्यासाठी तिने तीन दिवस दम धरला होता! पण तेवढ्याने तिचं पोट भरलं नाही. गुरुवारी तिने योअनला गाठलं. योअन बँडचे माइक आणि स्पीकर सांभाळायचा. त्याने किंचाळीचा आवाज रेकॉर्ड करून त्याची पट्टी इतकी उतरवली होती, की तो सत्तरीच्या माणसालाही ऐकू जावा.

"रविवारी शांतता सुरू झाली की हा लावायचा," नेरिस म्हणाली. "दोन्ही मिनिटं. सगळ्या म्हाताऱ्यांच्या कानात. बघू दे तोंडं कशी होतात!"

हे ती बोलली कुठे, तर शाळेसमोरच्या रस्त्यावर, आणि शेजारी डिलिसमावशी उभी! डिलिसमावशी म्हणजे पिवळा लांब कोट घालून, हातात गोल पाटीची काठी धरून पोरांना रस्ता ओलांडून देणारी बाई. बत्तीस वर्षं देतेय. तिच्यापुढे लॉरीसुद्धा निमूट थांबते.

"सूड घ्यायचाय का, सोन्या?" तिने विचारलं.

"हो!" नेरिस म्हणाली. लाजली नाही.

"घे. मीसुद्धा घेतला असता. पण कुणावर घेतेस ते बघ. ती दोन मिनिटं एमलिनची नाहीत. ती स्मारकाच्या दगडावर नावं कोरलेल्या पोरांची आहेत. त्याची खोड मोडायला तू त्यांच्या ताटात माती कालवणार?"

"मग आम्ही ती शांतता कधी ऐकायची? आम्हाला तर ती नाहीच!" नेरिसचा आवाज चढला. "आम्ही कितीही सांगितलं तरी त्यांना ऐकूच येत नाही!"

"ऐकू येत नाही, कबूल," मावशीने पाटी खांद्यावर घेतली. "पण डोळे गेलेत का त्यांचे?"

नेरिस तिच्याकडे बघत राहिली. मग हसली, आणि ते हसणं काही भल्या पोरीचं नव्हतं. त्या रात्री तिने गावातल्या प्रत्येक पोराला फोनवर एकच निरोप पाठवला.

शनिवारी, किंचाळीखाली, तिने अख्खी धून एकही सूर न फाटता वाजवली. हाउएलला रेकॉर्ड परत खोक्यात घालावी लागली. त्याचं तोंड बघण्यासारखं होतं!

रविवार उजाडला. चौक भरला. काळे कोट, छातीवर कागदाची लाल फुलं, म्हाताऱ्यांची पदकं, स्काउटची पोरं, हातात हार धरलेल्या छोट्या मुली. आज डगल्याऐवजी काळा कोट आणि पदकं घातलेल्या हाउएलने माइकवर दगडावरची नावं वाचली, दरवर्षीसारखी, वयासकट. "आयदन प्रीस, अठरा. गॉमर बेव्हन, एकोणीस. इद्रिस लुइस, सतरा..." आवाज खणखणीत. वाचतो चांगला, ते मानायला हवं.

अकरा वाजले. नेरिसने वाजवलं. शेवटचा सूर डोंगरापर्यंत गेला आणि तिथे विरला. बायकांचे रुमाल निघाले. आणि शांतता झाली.

त्याच क्षणी चौकातल्या प्रत्येक पोराने दोन्ही हात उचलले आणि कानांवर दाबले. स्काउटच्या रांगेने. हारवाल्या मुलींनी हार पायाशी ठेवून. बँडमधल्या पोरांनी. आईच्या कडेवरच्या तीन वर्षांच्या पोराने तर निरोप वाचलाच नव्हता, तरी त्याचे हात आपोआप तिथेच गेले! कुणी हसलं नाही, कुणी हललं नाही. एकेक करून मोठ्यांच्या खाली घातलेल्या माना वर आल्या. ती आई कडेवरच्या पोराकडे बघत राहिली, मग वर पेटीकडे.

दोन मिनिटं संपली. नेरिसने जागं करणारी धून वाजवली, पुरी. आणि मगच हाउएल फुटला.

"निर्लज्जांनो! मेलेल्यांचा अपमान! आजच्या दिवशीही नाटकं? काय ऐकू येतं रे तुम्हाला? काहीच नाही तिथे!"

नेरिसने योअनकडे बघून मान हलवली.

बँडच्या स्पीकरमधून किंचाळी सुटली, सगळ्यांना ऐकू येणारी! पदकवाले म्हातारे कळवळले. बँडमास्तर वाकला. हाउएलच्या बायकोने पर्सच कानाला लावली. एकटा हाउएल ताठ उभा, दात आवळून, डोळ्यांत पाणी.

"बंद कर!" तो ओरडला.

नेरिसने घड्याळाकडे बघितलं. "अजून दीड मिनिट आहे, मिस्टर हाउएल."

हो, तिला मजा आली. खूप आली. मी तिला साध्वी बनवणार नाही! तिने तो आवाज चालू ठेवला, हाउएलचे दोन्ही हात वर जाऊन कानांवर बसेपर्यंत. मगच हात केला. योअनने बंद केलं.

"हे रोज," नेरिस म्हणाली. "बसची वाट बघताना, साडेतीन ते साडेपाच. सप्टेंबरपासून. आणि काच आम्ही फोडली नव्हती."

"तुमच्यापैकीच कुणीतरी—"

"कोण?" गर्दीतून डिलिसमावशी पुढे आली. आज पिवळा कोट नव्हता, तरी सगळे थांबले. "नाव सांग, एमलिन. नाही ना? एकाचं नाव माहीत नाही, म्हणून तू दोनशे जणांना शिक्षा दिलीस. बरं, आत्ता तू नावं वाचलीस. गॉमर किती वर्षांचा होता?"

"एकोणीस."

"इद्रिस?"

हाउएल वर पेटीकडे बघायला लागला.

"सतरा," मावशी म्हणाली. "ती पोरं आज परत आली असती, तर कुठे बसली असती? याच पायऱ्यांवर. दंगा केला असता, कागद टाकले असते. आणि तुझी ही पेटी त्यांना त्यांच्याच दगडापासून हाकलून देत होती. अपमान कुणी केला रे?"

हाउएल दगडाकडे बघत होता. ओठ हलत होते, नावं पुन्हा वाचत असावा. मग तो वळला, दुकान उघडलं आणि शिडी घेऊन आला. गेथिन धरायला पुढे झाला, तर म्हणाला, "नको. मीच लावली, मीच काढतो." काळ्या कोटात, पदकं लटकत, तो वर चढला. पेटी निघाली. आणि नागरिकहो, चौकातल्या दोनशे पोरांनी एकदम जो श्वास सोडला, तो मात्र सगळ्यांना ऐकू आला!

खाली उतरून हाउएल नेरिससमोर उभा राहिला. "पुन्हा वाजवशील?" त्याने विचारलं. "ती दोन मिनिटं... पुन्हा करू. सगळ्यांसाठी."

नेरिसने लगेच हो म्हटलं नाही. तिने कॉर्नेटमधलं पाणी झटकलं, सावकाश. ओठ पुसले, सावकाश. त्याला उभं ठेवलं.

"माझं चुकलं, पोरी," हाउएल म्हणाला.

आणि मग तिच्या लक्षात आलं, की आठवडाभर जो राग तिने निखाऱ्यासारखा जपला होता, तो आता हाताला लागतच नाही. शोधूनही नाही! समोर फक्त एक म्हातारा माणूस उभा होता, हातात वायर लोंबणारी पेटी घेऊन.

तिने कॉर्नेट उचलला.

नागरिकहो, सूड गोड असतो, हे मी नाकारणार नाही. पण तो अनोळखी गुन्हेगाराच्या बदल्यात निरपराधांवर घेतला, की आपणच गुन्हेगार होतो. आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणून समोरच्याच्या कानात काही नाहीच, असं ठरवून टाकू नका. लेकरं कान धरून उभी असतील, तर आधी वर बघा, तुम्ही तिथे काय ठोकलंय!

त्या दिवशी कुमडुलसमध्ये दुसऱ्यांदा शांतता झाली. स्काउटच्या रांगेतल्या एका पोराने शेजारच्याला कुजबुजत विचारलं, "अशी असते होय?" आणि त्याला कुणीही गप्प बस म्हणालं नाही.