पहारेकरी, बदक आणि खालची दाढ

दातांच्या डॉक्टरीणबाई आणि त्यांची थोरली नणंद एकोणीस दिवस एकाच पुलाच्या अलीकडे अडकून पडल्या होत्या.

पूल कॉम्प्युटरमधला होता. दवाखाना दोन खोल्यांचा. आत खुर्ची, बाहेर दोन बाकं आणि एक टेबल. त्या टेबलामागे नणंद, म्हणजे ताई, बसायच्या. शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यावर "घरी बसून मला गंज चढेल" असं म्हणत त्यांनी भावजयीच्या दवाखान्यात अपॉइंटमेंट लिहायचं काम अंगावर घेतलं होतं. एकदा कपाट आवरताना त्यांना भावाच्या कॉलेजच्या दिवसांतली एक सीडी सापडली. टेबलावरचा कॉम्प्युटरही त्याच जमान्यातला, त्यामुळे दोघांचं लगेच जमलं.

खेळात एक पोस्टमन होता. विसराळू आणि तोंडाळ. त्याच्याकडे एकच पत्र उरलेलं, आणि ते बेटावरच्या दीपगृहात राहणाऱ्या बाईला पोचवायचं होतं. वाटेत जे दिसेल ते उचलायचं, पिशवीत कोंबायचं आणि कशाचा उपयोग कशावर होतो ते शोधत बसायचं. मारामारी नाही, घाई नाही, कुणी मरत नाही. चुकीचं काही केलं की पोस्टमन फक्त टोमणा मारतो.

"अगदी घरच्यासारखं वाटतं," ताई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंना कोडी आवडायची आणि ताईंना गोष्ट. पोस्टमनचं दीपगृहातल्या बाईशी लग्न होणार हे ताईंनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. खेळाला ते कळायचं तेवढं बाकी होतं. पडद्यावरचे संवाद त्या मोठ्याने वाचायच्या, प्रत्येकाचा वेगळा आवाज काढून. दुपारचा दवाखाना दोनला उघडायचा, तो हळूहळू अडीचला आणि मग पावणेतीनला उघडू लागला. कुणाचा फोन आलाच तर ताई गंभीरपणे सांगायच्या, "डॉक्टर एका अवघड केसमध्ये आहेत."

केस खरोखरच अवघड होती. पुलावर एक जाडजूड पहारेकरी उभा होता आणि "माझ्या आईशिवाय कुणालाही सोडणार नाही" यापलीकडे तो जात नव्हता. पिशवीत होतं काय, तर पांढऱ्या केसांचा टोप, फुटका कर्णा, अर्धा साबण, शिडीची एक पायरी आणि एक जिवंत बदक. पोस्टमनने टोप घालून पाहिला, तर पहारेकरी म्हणाला, "माझी आई एवढी ताडमाड नाही." साबण पुलावर घासला, तर पोस्टमनच घसरून पडला. शिडीची पायरी भेट दिली, तर पहारेकऱ्याने आभार मानून ती परत केली.

"आणि बदक?" ताईंनी विचारलं.

"बदक पुढे लागेल. पाण्यातलं आहे ना, म्हणजे बेटावर," डॉक्टरीणबाई ठामपणे म्हणाल्या, आणि बदक बाजूला पडलं.

विसाव्या दिवशी लिफ्टवाले आले. हे गृहस्थ लिफ्ट दुरुस्त करायचे. बाराव्या मजल्यावर, खाली काळोखी विहीर असताना, एका पट्ट्याला लटकून ते बिनधास्त शिट्टी वाजवायचे. दातांच्या खुर्चीचं नाव काढलं की मात्र ते उठून चालू लागायचे. खालची दाढ आठ महिने ठणकत होती. शेवटी त्यांच्या बायकोने त्यांना दवाखान्याच्या दारात आणून सोडलं आणि ते आत जाईपर्यंत ती जिन्यात पहारा देत उभी राहिली.

डॉक्टरीणबाईंनी भूल दिली, गालात कापूस भरला, तोंड मिटू नये म्हणून रबराची पट्टी अडकवली आणि काम सुरू केलं. मधलं दार उघडंच होतं.

"वहिनी," बाहेरून ताई म्हणाल्या, "कर्णा त्या पहारेकऱ्याच्या कानाशी वाजवला तर?"

"परवाच वाजवला ना, ताई! तो बहिरा आहे म्हणाला त्या कानाने."

"मग दुसऱ्या कानाशी?"

"दोन्ही कान झाले आपले. टोपाचंच काहीतरी आहे, मला खात्री आहे."

खुर्चीतल्या लिफ्टवाल्यांचे डोळे एकदम मोठे झाले. "अअअ!" ते म्हणाले.

"दुखतंय का?" डॉक्टरीणबाईंनी हातातलं अवजार काढून घेतलं.

"अं हं! अअअ! अ-अअ!"

"दुखतंय," असं ठरवून डॉक्टरीणबाईंनी भुलीचं आणखी एक इंजेक्शन दिलं. आता त्यांची जीभही गेली. लिफ्टवाल्यांनी हात हलवून पाहिले, पण मघाशी ते फारच थरथरत होते म्हणून ताईंनी त्यांच्या अंगावर चादर खोचून ठेवली होती. त्यांनी चादरीच्या आत कोपरं फडफडवली. दोनदा. तीनदा.

"वहिनी, यांना श्वास लागलाय!" ताई धावत आल्या.

तेवढ्यात लिफ्टवाले चादर झुगारून खाली उतरले, गळ्यात कापडी लाळेरं तसंच, तोंडात रबर तसंच, आणि गुडघे वाकवून, कुल्ले डोलवत, कोपरं फडफडवत बाहेरच्या खोलीत एक फेरी मारून आले. "आँक! आँक!" असा आवाज ते करत होते आणि हनुवटीवरून लाळ गळत होती.

बाहेरच्या बाकावर एक निवृत्त मास्तर बसले होते. ते शांतपणे उठले. "माझी दाढ आता अजिबात दुखत नाही," असं ताईंना सांगून त्यांनी चपला हातात घेतल्या आणि जिना उतरून गेले.

लिफ्टवाल्यांनी टेबलावरचं पेन ओढलं. दोघी वाकून बघू लागल्या. त्यांना वाटलं, बायकोसाठी काही निरोप लिहितायत. कागदावर उमटलं : "पोस्टमनचा खेळ ना? पूल मला येतो. उत्तर सांगू की नुसता इशारा देऊ?"

"इशारा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"उत्तर!" ताई म्हणाल्या. "वहिनी, वीस दिवस झाले. ती बाई तिकडे वाट बघतेय."

"ताई, उत्तर ऐकून पुढे गेलो तर त्यात आपलं काय राहिलं?"

"आपण पुढे गेलो एवढं राहिलं!"

लिफ्टवाल्यांनी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. मनाने ते डॉक्टरीणबाईंच्या बाजूचे असावेत, कारण त्यांनी लिहिलं : "या खेळात प्रत्येक कोडं म्हणजे एक विनोद असतो. विनोद कळला की कोडं सुटतं. पहारेकऱ्याला आईबद्दल विचारा आणि नीट ऐका."

दाढ अर्धी कोरलेली तशीच ठेवून तिघं कॉम्प्युटरपुढे बसले. पहारेकऱ्याला आईबद्दल विचारल्यावर तो भडाभडा बोलू लागला. ताईंनी जाडा आवाज काढून वाचलं, "माझी आई बुटकी आहे. डुलत डुलत चालते. केस पांढरेशुभ्र. आणि दिवसभर तिची टकळी चालू असते, एक शब्द कळत नाही, पण रागावली आहे एवढं समजतं."

ताई थांबल्या. पुन्हा मनातल्या मनात वाचलं.

"वहिनी, हे तर थेट आपल्या आईचं वर्णन आहे."

"मी काही म्हटलं नाही हं, ताई," डॉक्टरीणबाई घाईघाईने म्हणाल्या.

"बुटकी, डुलत चालते, सारखी बडबड…" ताईंनी खुर्चीतच अंग डोलवून पाहिलं. मग मघाशी दवाखान्यात डुलत गेलेल्या लिफ्टवाल्यांकडे त्यांची नजर गेली. "अगं बाई! बदक! बदकाला टोप!"

माउस ताईंच्याच हातात होता. त्यांनी बदकाच्या डोक्यावर टोप चढवला. बदक "क्वॅक" म्हणालं. पहारेकऱ्याने खाडकन सलाम ठोकला. "आई, तू? स्वेटर घातलाय गं मी, ओरडू नकोस!" बदक पूल ओलांडू लागलं. "आणि हा कोण?" पहारेकऱ्याने विचारलं. पोस्टमन म्हणाला, "आईंचं सामान आणलंय," आणि तोही मागोमाग पलीकडे गेला.

ताईंनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरीणबाई रबरी मोजे घातलेल्या हातांनी टेबल बडवत होत्या. लिफ्टवाल्यांच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं होतं.

"भूल उतरली वाटतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

लिफ्टवाल्यांनी नकारार्थी मान हलवली आणि लिहिलं : "माझ्या सीडीवर ओरखडा होता. पोस्टमन पुलाच्या मध्यावर आला की खेळ बंद पडायचा. बावीस वर्षं मला फक्त पूल येतो. पत्र पोचलं की नाही, माहीत नाही."

दाढेचं काम तीन खेपांत संपायला हवं होतं. लिफ्टवाले अकरा वेळा आले. दाढेवरचं टोपण सैल वाटतंय, समोरच्या दाताला थंड लागतंय, डावीकडे काहीतरी वाटतंय, पण नेमकं काय ते सांगता येत नाही. खुर्चीत बसताना आता त्यांचे हात थरथरत नव्हते, कारण त्यांचं सगळं लक्ष बाहेरच्या आवाजाकडे असायचं. खेळाबद्दल त्यांची मतंही ठाम होती. दुसऱ्या एका खेळात तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट अडकते, ती केळ्याच्या सालीने चालू होते म्हणे. "ज्याने हे लिहिलं त्याने आयुष्यात लिफ्टचं दार उघडलेलं नाही," ते संतापून सांगायचे. "बदकाचं पटतं. लिफ्टचं नाही पटत."

शेवटी एका दुपारी पोस्टमन दीपगृहाच्या तीनशे पायऱ्या चढून वर पोचला. तिघंही उभे राहून बघत होते. बाईने पत्र उघडलं. ताईंनी ते मोठ्याने वाचलं.

"आपलं बेट फार लांब असल्यामुळे तिथे पोस्टमन पाठवणं शक्य नाही. यापुढे आपल्याला पत्रं मिळणार नाहीत. कळावे. आपला, पोस्टमास्तर."

पडद्यावरच्या बाईने पत्राकडे बघितलं, पोस्टमनकडे बघितलं आणि विचारलं, "मग तुम्ही इथे आलात कसे?"

पोस्टमन पायरीवर टेकला. "त्याचं असं झालं," तो म्हणाला, आणि पडदा काळा होऊन खालून वर नावं सरकू लागली.

"एवढंच?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लग्नबिग्न काहीच नाही?"

"नाही कसं? झालं की!" ताई डोळे पुसत म्हणाल्या. "माणूस पहिल्यापासून गोष्ट सांगायला बसला. बदकाचं निघालं, पुलाचं निघालं. ते सांगून होईतो शेवटची होडी गेलेली. राहिला तो तिथेच."

"ताई, असं कुठेही दाखवलेलं नाही."

"सगळं दाखवावं लागतं का, वहिनी?"

दोघींनी लिफ्टवाल्यांकडे पाहिलं. त्यांनी सगळी नावं वर सरकून जाईपर्यंत वाट पाहिली, एकही सोडलं नाही.

"पोचलं," ते शेवटी म्हणाले. "पत्र पोचलं, डॉक्टर." मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि बायकोला तेवढंच सांगितलं. पलीकडून तिने काय विचारलं ते ऐकू आलं नाही, पण लिफ्टवाले बाकावर बसले, पाय लांब केले आणि म्हणाले, "थांब, पहिल्यापासून सांगतो."