काळी डबी आणि नागव्वाचा पंखा

सात रस्त्याजवळच्या हॉलमध्ये माणसं हातात लाइटबिलं घेऊन रांगेत उभी होती. तेजोनाथ महाराज बिलावर विभूती टाकत आणि प्लगमध्ये बसवायची एक काळी डबी देत. बसवली की तिच्यात हिरवा दिवा लागे. विश्वाची ऊर्जा फुकट आहे, बिल येतं ते अज्ञानाचं, असं महाराज सांगत. डबी मात्र रोखीनंच मिळे.

कॉलेजात क्लार्क असलेल्या दुर्गाताईंनी ती घेतली आणि त्यांचं बिल खरंच उतरलं. मग आपल्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या नागव्वालाही त्यांनी एक आणून दिली. महाराजांचा एक नियम होता. दुपारभर डबीखेरीज घरातलं सगळं बंद ठेवायचं, नाहीतर ऊर्जा उलटते. दुर्गाताई दुपारी ऑफिसात असत. नागव्वा पत्र्याखाली विड्या वळत बसे.

मे महिन्यात ती खोलीतच बेशुद्ध सापडली. तिला नेलं त्या दवाखान्यात दुर्गाताईंची भाची भार्गवी डॉक्टर होती. तिनं उष्माघात सांगितला आणि विचारलं, पंखा बंद का होता? दुर्गाताईंनी खाली मान घालून नियम सांगितला.

संध्याकाळी भार्गवी घरी आली. पंखा, फ्रिज चालू ठेवून तिनं मावशीला मीटरसमोर उभं केलं. डबी लावली, काढली, पुन्हा लावली. वीज जास्त वापरली की भरभर लुकलुकणारा मीटरचा लाल दिवा त्याच वेगानं लुकलुकत राहिला. मग तिनं डबी फोडली. आत एक बारीक दिवा होता आणि वजनाला सिमेंट.

"मग माझं बिल कसं उतरलं?"

"दुपारभर फ्रिजसकट सगळं बंद होतं म्हणून. डबी नसती तरी उतरलं असतं."

नागव्वा शुद्धीवर आल्यावर दुर्गाताईंनी तिला सगळं सांगितलं. ती हळू आवाजात म्हणाली, "लई उकडत हुतं. पन तुमी शिकलेल्या की. तुमी दिली म्हनून पंखा न्हाय लावला."



रविवारी दुर्गाताई फोडलेली डबी घेऊन हॉलमधल्या रांगेपाशी उभ्या राहिल्या आणि आतलं सिमेंट दाखवू लागल्या. त्यांची श्रद्धाच कमी पडली, असं एकानं ऐकवलं.

"श्रद्धा पुरेपूर होती," त्या म्हणाल्या. "म्हणूनच एक बाई दवाखान्यात आहे. बिल कमी करायचंय ना? रिकाम्या खोलीतले पंखे बंद करा, जुने बल्ब बदला. माणूस बसलाय तिथला पंखा चालू ठेवा. आणि असली वस्तू दुसऱ्याच्या हातात देण्याआधी एकदा मीटरकडे बघा. मी तेवढंही केलं नाही."