आईचा डावा पाय

तिसऱ्यांदा माझं पोट पडलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी प्रश्न मला विचारला आणि उत्तर आईने दिलं. आमच्याकडे ही जुनीच पद्धत.

"घरात कुणाला पायात रक्ताची गाठ झाली होती? कुणाचे गर्भपात झाले होते?"

"छे हो," आई म्हणाली. "आमच्याकडे सगळे ठणठणीत."

मीही मान डोलावली. आईचा डावा पाय उजव्यापेक्षा जाड आहे, हे मी लहानपणापासून बघत आलेय, पण तो आजार असेल असं कधी मनातही आलं नाही. आमचं इस्त्रीचं दुकान. दिवसभर उभं राहिल्यावर पाय सुजणारच, असं आई म्हणायची आणि तो उशीवर ठेवायची. शिंप्याची पाठ वाकते, आमचे पाय सुजतात.

घरात तसं काही असतं तर रक्ताची एक वेगळी तपासणी केली असती, असं म्हणून बाईंनी गोळ्या आणि विश्रांती लिहून दिली. चौथं पाचव्या महिन्यात गेलं. हालचाल कळायला लागली होती. पाळण्याला जागा हवी म्हणून नवऱ्याने कपाट सरकवलं होतं. ते अजून तिथेच आहे.

दोन महिन्यांनी आई अर्धा सदरा इस्त्री करून खालीच बसली. पाय तट्ट फुगला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, याआधी असं कधी झालं होतं?

"दोनदा," आई म्हणाली. "आणि हिच्या आधी चार पोटं पडली."

कपड्यांची पिशवी माझ्या हातातच होती. मला रडू आलं नाही, राग आला. इतका, की तिच्या पायाची दयासुद्धा येईना.

"तेव्हा का नाही बोललीस?"

"जावई दाराशीच उभे होते. धाकटीचं लग्न जमत होतं. झाकली मूठ..."

"सव्वा लाखाची. माझं पोर गेलं त्या मुठीत."

ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मीही तिच्यावर पांघरूण घातलं नाही.

मग माझी तपासणी झाली. रक्त गोठण्याचा दोष आईचाच, माझ्यात आलेला. वारेत गुठळ्या होतात, पोराचं रक्त अडतं. रोज पोटात एक सुई घ्यायची असते. घेतली असती तर ते वाचलंच असतं असं सांगता येत नाही, असं बाई म्हणाल्या. भल्या आहेत त्या.

काल दुपारी दुकानात धाकटीचा फोन आला. हातात कपडे होते म्हणून मी स्पीकरवर घेतला. "ताई, मावशी होणार आहेस तू."

समोर आईने ओठांवर बोट ठेवलं. तिकडे तिच्या सासरची माणसं ऐकतील ना.

मी फोन इस्त्रीच्या टेबलावर ठेवला. "आई, तू सांग. मी नाही सांगणार."

आईने इस्त्री उभी केली. एकाच बाहीवरून दोनदा हात फिरवला. मग म्हणाली, "बाळा, उद्याच रक्त तपासून घे. माझी चार गेली होती. ताईची चार गेली. आपल्या रक्तातच दोष आहे."

"आई, हे शेजारीच आहेत," धाकटी म्हणाली. "इकडेही स्पीकर चालू आहे."

"असू दे. ऐकू देत त्यांनाही. ताईचं शेवटचं पोर माझ्या खोटं बोलण्याने गेलं."

बाई तसं म्हणाल्या नव्हत्या. पण मी आईला दुरुस्त केलं नाही.