बिब्ब्याची खूण

मृदुलाला सकाळपासून बूड टेकवत नव्हतं. चहा तीनदा झाला आणि तिन्ही वेळा पेल्यातच गार होऊन गेला. सदर बाजारातल्या आपल्या लाँड्रीत ती मशीनपासून दारापर्यंत आणि दारापासून मशीनपर्यंत नुसती येरझारा घालत होती.

कारणही तसंच होतं. मोठं धुलाई मशीन घेऊन वर्ष झालं, पण ते आठवड्यातून दोनदा फिरलं तर फिरलं. रेल्वे कॉलनीतले शर्ट आणि लग्नसराईतल्या चार शेरवान्या, एवढ्यानं त्याचं पोट कुठलं भरायला? त्याला शेकड्यानं चादरी हव्या होत्या. म्हणून ही बाई वर्षभर स्कूटरवरून झाशी पालथी घालत होती. नर्सिंग होमवाले म्हणायचे, "रेट लिस्ट छोड़ जाइए." आणि तिच्यादेखत ती यादी आधीच्या चार याद्यांवर जाऊन पडायची. एका लग्नाच्या हॉलवाल्यानं तर सांगितलं, "भाईसाहब को भेजिए." भाईसाहब म्हणजे तिचा नवरा मकरंद, रेल्वेत नोकरीला. त्याला चादर आणि पलंगपोस यातला फरक कळत नाही! दिवाळीपर्यंत बघू, नाही जमलं तर मशीन विकून टाकू, असं त्यानं शांतपणे सांगून ठेवलं होतं. त्या शांतपणाचाच तिला जास्त राग यायचा.

अखेर स्टेशनजवळच्या एका नव्या हॉटेलनं दार किलकिलं केलं. मॅनेजर अजयजींनी काल साठ कोऱ्या पांढऱ्या चादरी पहिल्या धुण्यासाठी पाठवल्या. आज चारपर्यंत परत हव्यात. पसंत पडल्या तर सोमवारपासून रोजचं काम.

दुपारी दोनला घड्या मोजताना मृदुलाचा हात थबकला. चादरीच्या कोपऱ्यात तीन काळे ठिपके आणि खाली आडवी रेघ. तिनं दुसरी उलगडली, मग तिसरी. साठच्या साठ!

बिब्ब्याची खूण होती ती. बिब्बा टोचून कपड्यावर ठिपका काढायचा, वर चुना लावायचा. मग कापड फाटेल, पण खूण जाणार नाही. श्यामसुंदरचा हा जन्माचा धंदा. लक्ष्मी गेटजवळ राहणारा हा म्हातारा धोबी मृदुलाच्या सासऱ्यांच्या वेळेपासून घरचे कपडे धुवायचा, आणि दुकान निघालं तसा दुकानात आला. गिऱ्हाइकाचा रुमालसुद्धा त्यानं कधी हरवला नव्हता, तो ह्याच खुणांच्या जोरावर.

"श्यामसुंदरजी, ये क्या किया?"

"निसान लगा दओ बहूजी," इस्त्रीवरची मान वर न करता तो म्हणाला. "हमने पूछो तो हतो."

विचारलं होतं खरं. काल ती फोनवर दुसऱ्या हॉटेलवाल्याची मनधरणी करत होती. श्यामसुंदर चादर धरून समोर उभा राहिला, तेव्हा तिनं न बघताच हात हलवला होता, "जैसे हमेशा करते हो." हे तिला आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटलं.

आता करायचं काय? तिनं गाठोडी रिक्षात घातली आणि स्वतः स्कूटरवर पुढे निघाली. वाटेत दहा सबबी जुळवल्या, दहाही मोडल्या.

अजयजींनी चादर उजेडात धरली, नाकाशी नेली, घडीवरून हात फिरवला. चेहरा खुलला. मग तो कोपरा दिसला. त्यांनी अंगठ्यानं ठिपका घासून पाहिला.

"ये तो जाएगा नहीं. किसने किया?"

"एक बुज़ुर्ग हैं हमारे यहाँ," मृदुला म्हणाली. "पुराने ज़माने के आदमी. बिना पूछे लगा दिया."

शेवटचं वाक्य तोंडातून निघालं आणि तिला स्वतःची लाज वाटली. पण ते परत घेता येईना.

अजयजींनी चादर घडी करून बाजूला ठेवली. "धुलाई बढ़िया है. इन साठ के कोने गद्दे के नीचे दबा देंगे. सोमवार से काम आपका. बस, उन बाबा को हटाइए. हमारा कपड़ा उनके हाथ में नहीं जाना चाहिए."

"जी," मृदुला म्हणाली.

काम मिळालं. वर्षभर ज्यासाठी जोडे झिजवले ते काम मिळालं, आणि परतताना तिला रस्ता दिसत नव्हता. दुकानात आली तर श्यामसुंदर स्टुलावर बसलेला. समोर त्याची पत्र्याची डबी होती, बिब्बे, सुई, चुन्याची पुडी असं सगळं आत. त्याच्या बोटांची टोकं बिब्ब्यानं पोळून काळी पडली होती; इतकी वर्षं ती बोटं तिनं रोज पाहिली होती.

"काम मिलो?"

"मिला."

"बस, फिर ठीक है." त्यानं डबी तिच्याकडे सरकवली. "जे तुम धर लो बहूजी. हाथ को आदत है, फिर लगा दैहै. गलती हमाई हती, हमें दुबारा पूछने हतो."

मृदुलानं डबी बाजूला ठेवली. तिनं तिथंच, त्याच्यासमोर, फोन लावला.

"अजयजी, मैंने झूठ कहा था. उन्होंने पूछा था, मैंने ही हाँ कहा था. निशान अब नहीं लगेगा, पर वो नहीं हटेंगे. कपड़ा उन्हीं के हाथ से धुलेगा."

"सोचकर बताते हैं," एवढं पलीकडून ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

"बौरा गईं का!" श्यामसुंदर ओरडला. इतक्या वर्षांत तिच्यावर आवाज चढवायची त्याची ही पहिलीच वेळ. "लगो-लगाओ काम छोड़ दओ! दिवारी में मसीन बिक जैहै!"

"विकलं तर विकलं," ती मराठीतच म्हणाली. त्याला ते कळलं.

मग तिनं चौथा चहा मागवला, दोन पेले. स्टूल ओढलं, त्याच्याशेजारी बसली आणि गरम असतानाच प्यायली.