बाराच्या खाली

खोलीत एक खाट, खिडक्यांवर दोन काळे पडदे, पॅराल्डिहाइड या गुंगीच्या औषधाच्या चार बाटल्या, एक रबरी नळी आणि सेकंदकाटा असलेलं एक घड्याळ. ऑक्सिजनचं नळकांडं नव्हतं, ते इंदूरला. खाटेवर विठोबा जिनगर, वय सव्वीस. टाचेत खिळा घुसून धनुर्वात झाला होता. दार वाजलं तरी त्याची पाठ कमानीसारखी वाकायची.

देवासच्या त्या दवाखान्यात मी प्रयोगशाळेत होतो, नुकताच बी.एस्सी. झालेला. डॉक्टरसाहेबांनी मला विठोबाजवळ बसवलं. "झटके थांबतील इतकी झोप हवी, श्वास थांबेल इतकी नको. दर डोसाआधी पूर्ण मिनिट श्वास मोजा. बाराच्या खाली असतील तर द्यायचं नाही."

विठोबाची आई यमुनाबाई खाटेच्या पायथ्याशी बसून असे. मला ती माळव्याच्या रीतीनं 'भिया', म्हणजे भाऊ, म्हणे.

"एवढं शिकून हेच का भिया, लोकांचे श्वास मोजणं?"

"हेच, माई."

"मोजा मग. एखादा चुकवू नका."

तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला श्वास चौदा भरले. सकाळी अठरा होते. उतार मला दिसला. पण चौदा म्हणजे बाराच्या वर. मी होकारार्थी मान हलवली. सिस्टरनं डोस दिला.

पावणेतीनला श्वास आठ. ओठ निळसर. डॉक्टरसाहेबांनी पापणी उचलली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. आमच्या औषधानं ती अशी होत नाही.

"माई, याला काय दिलंत?"

"अफू. हरभऱ्याएवढी, दुधात घोळून. हे भिया जेवायला गेले तेव्हा गालात बोटानं लावली." ती माझ्याकडे बघत होती. "कण्हत होता हो. आमच्याकडे दुखण्याला हेच देतात. आणि झोपला तर वाचेल, असं तुम्हीच बोललात ना?"

भरती करताना मी तिला अकरा प्रश्न विचारले होते. माळव्यात घरोघरी अफूची डबी असते, हे मला माहीत होतं. तो प्रश्न अकरांत नव्हता.

कृत्रिम श्वास देण्यासाठी डॉक्टरसाहेबांनी विठोबाचे हात डोक्यामागे ओढले, मग छातीवर दाबले. पुन्हा ओढले, पुन्हा दाबले. ते दमले तेव्हा मी धरले. यमुनाबाईनं त्याची हनुवटी वर उचलून ठेवली होती.

"किती झाले, भिया?"

"हे त्याचे नव्हेत, माई. माझ्या हातांचे आहेत."

"तरी मोजा."

मी मोजत राहिलो. सव्वासहाला त्याचे हात सोडले आणि घड्याळ घेतलं. पूर्ण एक मिनिट.

श्वास शून्य.